जर्मनीला एकटी चालते, मसूरला एकटी का चालत नाही?



गेल्या उन्हाळ्यात गंगाखेड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर बैठक बसली होती. निमित्त सत्काराचे होते. वस्तीतली २२ वर्षांची मुलगी, बी.ए. झालेली, पुण्यात एका दुकानात काम करत जर्मन भाषेची ए-१ परीक्षा पास झालेली, ओ पेअर म्हणून एक वर्षासाठी जर्मनीला निघाली होती. तिकडच्या कुटुंबाचा करार आला होता, व्हिसासाठी कागदपत्रे जमा झाली होती, आता फक्त वाट पाहायची होती. सत्काराला उत्तर द्यायला ती उभी राहिली आणि म्हणाली, "जायच्या आधी मला बारा दिवस एकटीला फिरून यायचंय. मुंबई, महाड, सातारा, पुणे. सोबत कुणी नको."

आणलेला हार खुर्चीवर तसाच राहिला.

"साता समुद्रापल्याड पाठवायलोत, तेवढं पुरं नाही का?" वडील म्हणाले. चुलते म्हणाले, लोक म्हणतील पोरगी पळून गेली. एका तरुण कार्यकर्त्याने तोडगा काढला, "सहा डिसेंबरला आपण सगळे जातोच की दादरला, तवा चल." (सहा डिसेंबरला ती बर्फात असणार होती, हे त्याच्या लक्षात नव्हते.) मग मुलीने आमच्याकडे पाहिले. बैठकीत आम्हीच समाजशास्त्रात एम.ए. केलेले, आम्हीच स्त्रीमुक्तीवर भाषणे देणारे. आम्ही म्हणालो, "भावाला सोबत घेऊन जा."

तिचा भाऊ १४ वर्षांचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप फडात असताना याच मुलीने त्याला कोपीत सांभाळून लहानाचा मोठा केला. त्या भावाने तिचे रक्षण करायचे, असा आमचा सल्ला होता. ती काही बोलली नाही. खाली बसली. घरी परत येताना मोटारसायकलवर आम्हाला स्वतःची लाज वाटली आणि तिथूनच हा लेख सुरू झाला.

आधी ओ पेअर म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्या भागात या शब्दावर एजंट लोक भलतेच काही विकतात. शब्द फ्रेंच आहे. अर्थ 'बरोबरीने'. परदेशातली तरुण मुलगी किंवा मुलगा एखाद्या कुटुंबात राहतो, त्यांची मुले सांभाळतो, घरातली हलकी कामे करतो, बदल्यात राहणे, जेवण, खर्चाला पैसे आणि ती भाषा शिकण्याची संधी मिळते. ती नोकर नाही, पाहुणीही नाही, घरातल्या मोठ्या मुलीसारखी राहणार, अशी मूळ कल्पना. युरोप परिषदेने १९६९ मध्ये स्ट्रासबर्गला यावर एक आंतरराष्ट्रीय करारही केला. जर्मनीत नियम असे : वय किमान १८, व्हिसाचा अर्ज करताना २७ पूर्ण झालेले नसावे. भाषा ए-१ पातळीची. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष. दिवसाला सहा तास आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त काम नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, स्वतःची वेगळी खोली. महिन्याला २८० युरो हातखर्च, म्हणजे आपले पंचवीस-तीस हजारांच्या घरात, आणि भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाने महिन्याला ७० युरो वेगळे द्यायचे. विमा कुटुंबाचा. विमानाचे तिकीट मात्र साधारणपणे आपले आपल्याला काढावे लागते.

हे वाचून आपल्यातले काही जण चिडतील. बैठकीनंतर एका मित्राने चहाच्या टपरीवर आम्हाला सुनावलेच. बाबासाहेब परदेशात गेले ते ज्ञानासाठी, आपल्या पोरींनी जायचे ते गोऱ्यांची पोरे सांभाळायला आणि त्यांची भांडी घासायला? पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या घरची घाण काढली, आता विमानात बसून तेच करायचे? मुद्दा हलका नाही. आमचेही पहिले मन तसेच होते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांपैकी एक आपल्या मुलीला मिळावी, तिने तिकडे एम.एस. करावे, पीएच.डी. करावी, हेच आमचेही स्वप्न. पण ७५ जागा संपूर्ण महाराष्ट्राच्या आहेत आणि गंगाखेडच्या कॉलेजातून मराठी माध्यमात दुसऱ्या वर्गात बी.ए. झालेल्या मुलीपर्यंत त्या पोहोचत नाहीत. तिचा हिशेब वेगळा आहे. एक वर्ष त्या देशात राहून भाषा पक्की करायची आणि मग तिथेच नर्सिंगचे प्रशिक्षण घ्यायचे, ज्यात शिकता शिकता पगार मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या आल्या. या मुलीने कराराची वाट पाहिली नाही, एवढाच फरक.

आणि काम कोणते, यावर काम हलके की भारी हे ठरत नाही. कोणत्या अटींवर, यावर ठरते. ती आठ वर्षांची असल्यापासून मूल सांभाळते आहे. मुकादमाची उचल आईबापाच्या नावावर होती, तिच्या श्रमाचा त्यात उल्लेखही नव्हता. तेच काम आता ३० तासांच्या मर्यादेत, सुट्टीसह, खोलीसह, लेखी कराराने होणार असेल तर त्याला घाण म्हणणारे आपण कोण?

पण अटी कागदावर असून भागत नाही, हाही आपलाच इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई-कलकत्त्याहून विलायतेला जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांसोबत आया नेल्या जात. बोटीवर महिनाभर त्यांची मुले सांभाळायची, आणि लंडनला उतरल्यावर काम संपले म्हणून कितीतरी जणींना परतीच्या भाड्याशिवाय सोडून दिले जाई. अशा बायांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचे वसतिगृह चालवावे लागले. पूर्व लंडनच्या हॅकनी भागातल्या त्या इमारतीवर २०२२ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. त्या बायांची नावे बहुतेक ठिकाणी नोंदलीच गेली नाहीत, मालकाच्या आडनावाने त्यांची ओळख. त्यांच्यात आपल्या जातींतल्या किती होत्या हे म्हणूनच कुणी मोजू शकत नाही.

तर 'बरोबरीने' हा शब्द करारात छापलेला असतो, पण तो दर दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभे राहून वसूल करावा लागतो. आज सहा तास झाले, आता माझा वर्ग आहे. हे काम करारात नाही. माझा पासपोर्ट माझ्याजवळ राहील. ही वाक्ये परक्या भाषेत, परक्या घरात, जिथे राहता-खाता त्याच माणसांना सांगायची असतात. आता खरे सांगा, आपण आपल्या मुलींना ही वाक्ये मराठीत तरी बोलू देतो का? वयाच्या २२ व्या वर्षापर्यंत जिने एकटीने लॉजची खोली घेतलेली नाही, चुकलेली गाडी स्वतः सोडवलेली नाही, जास्तीचे पैसे मागणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडलेली नाही, तिला आपण थेट फ्रँकफर्टच्या विमानात बसवतो आणि समजतो की मोठी प्रगती केली. प्रत्यक्षात बापाच्या उंबऱ्यावरून तिला परक्या कुटुंबाच्या उंबऱ्यावर ठेवले. मधला रस्ता तिच्या मालकीचा कधी झालाच नाही. त्या मुलीने मागितलेले बारा दिवस म्हणजे हा मधला रस्ता होता. आम्हाला ते मोटारसायकलवर कळले, तिला आधीच कळलेले होते.

तिच्या यादीत सातारा का, हे आम्ही तिला नंतर विचारले. ती म्हणाली, "सातारा नाही खरं तर. मसूर."

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन ज्यांनी वाचले त्यांना मसूर माहीत असेल. १९०१ ची गोष्ट. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावले. छोटा भीम, त्यांचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा, असे सगळे अजाण वयाचे प्रवासी सातारा स्टेशनवरून नवे कपडे घालून आनंदाने गाडीत बसले आणि मसूरला उतरले. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने विचारपूस केली, जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. भाड्याचा गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल. सोबत जेवण होते, पण कुणी पाणी देईना, म्हणून रात्र उपाशी गेली. मोठ्या माणसाशिवाय केलेला हा लेकरांचा प्रवास होता. तोपर्यंत घरात, शाळेत अस्पृश्यता त्यांना ठाऊक होती. पण ती किती मोठी आहे हे त्यांना त्या प्रवासाने दाखवले. पुढे १९३४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, कार्यकर्त्यांसह आलेल्या बाबासाहेबांना टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून शिव्या खाव्या लागल्या. त्या पुस्तकाच्या नावात व्हिसा उगाच आलेला नाही. आपल्या देशात फिरायलासुद्धा ज्यांना परवाना लागत होता, त्या माणसांची ती कैफियत आहे.

प्रवास हा आपल्यासाठी कधीच नुसती मौज नव्हता, म्हणून तर तो आपण सोडता कामा नये. चवदार तळ्यापर्यंत माणसे चालत गेली होती. १९५६ ला नागपूरला लाखो माणसे गेली. आजही दादर, नागपूर, भीमा कोरेगाव इथे आपण जातो. पण जातो ते नेहमी लोंढ्याने. बायका मुलांना कडेवर घेऊन, भाकरी बांधून, वस्तीतल्या माणसांच्या घोळक्यात. त्यात ताकद आहे, आम्ही ती नाकारत नाही. मात्र २२ वर्षांचे बाबासाहेब १९१३ मध्ये मुंबईहून बोटीत बसले तेव्हा त्यांच्यासोबत घोळका नव्हता. त्या बोटीचे, कोलंबियाचे, लंडनच्या घराचे फोटो आपण जयंतीच्या फ्लेक्सवर छापतो. ते लंडनचे घर शासनाने विकत घ्यावे म्हणून आपण मागणी केली, २०१५ मध्ये ते झालेही. पण एकट्याने निघण्याचा तो वारसा आपण फक्त मुलांना दिला. मुलींच्या वाट्याला घोळका ठेवला.

चुलत्यांचे वाक्य आठवा. लोक म्हणतील पोरगी पळून गेली. भीती नेमकी कशाची आहे? तिला इजा होईल याची नाही, तर ती कुणासोबत तरी जाईल याची. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न हेच असल्याचे दाखवले, आणि ते टिकवायचे तर बाईवर पहारा ठेवावा लागतो, सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे त्या पहाऱ्याचेच प्रकार, असे मांडले. एम.ए.च्या वर्गात हा निबंध आम्ही दोनदा वाचला, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले. पण विहारात बसलेल्या त्या चुलत्यांच्या तोंडून तोच पहारेकरी बोलतो आहे हे आम्हाला ओळखता आले नाही, उलट आम्ही त्याला १४ वर्षांचा एक शिपाई सुचवला. मनुस्मृती १९२७ ला महाडला जाळली, हे आपण दर २५ डिसेंबरला सांगतो. तिचे एखादे पान आपल्याच बैठकीत उघडे पडलेले असते, ते दिसत नाही.

आईबापांची भीती मात्र आम्ही खोटी म्हणणार नाही. परभणीत राहणाऱ्याने तर म्हणूच नये. १० डिसेंबर २०२४ ला परभणी रेल्वे स्टेशनबाहेर बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर वस्त्यांमध्ये पोलिसांनी काय केले ते ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले, आणि १५ डिसेंबरला कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तेव्हापासून संध्याकाळी लेकरू दहा मिनिटे उशिरा आले तरी आमच्या आया दारात उभ्या राहतात. या मुलीची आई म्हणाली होती, "त्या टेशनावरूनच जाणार की माय तू." त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणू शकलो की आपल्या बायकांवरचे भयंकर अत्याचार बहुतेक अनोळखी शहरात झालेले नाहीत. खैरलांजीत २००६ मध्ये जे झाले ते स्वतःच्या गावात, आडनाव माहीत असलेल्या माणसांकडून. घरात ठेवल्याने मुलगी सुरक्षित राहते हे आपल्या समाजाच्या बाबतीत तरी खरे नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो, आमचा सल्ला चुकला हे वडिलांसमोर बोललो. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुम्ही जबाबदारी घ्यायलात का?" आम्ही हो म्हणालो. मुलगी आतून म्हणाली, "जबाबदारी माझी मीच घ्यायले." वडील हसले. परवानगी मिळाली ती त्या हसण्यातून, आमच्या समाजशास्त्रातून नव्हे.

रात्रीच्या देवगिरीने ती निघाली. एक पाठीवरची बॅग, आधार कार्ड, साडेसात हजार रुपये, त्यातले दोन हजार आतल्या खिशात वेगळे. रोज रात्री नऊ वाजता एक मेसेज करायचा, फोन नाही, असे ठरले. चैत्यभूमी, राजगृह पाहून ती एस.टी.ने महाडला गेली. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. त्या सवलतीवर आपल्या बाया माहेर, दवाखाना आणि बाजार करतात. त्याच तिकिटावर एक मुलगी नुसती फिरायला गेली तर शासनाचे काही जास्त जात नाही.

एका गावात लॉजवाल्याने एकट्या मुलीला खोली देत नाही म्हणून सांगितले. ती म्हणाली, तसा नियम लिहून द्या. त्याने दिला नाही, खोलीही दिली नाही. दुसऱ्या लॉजवर मिळाली. "तेव्हा रडू आलं," तिने नंतर सांगितले, "पण फोन केला असता तर अण्णा म्हणाले असते, ये परत." साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचे नाव ज्या शाळेत घातले गेले ती शाळा तिने बाहेरून पाहिली. सुट्ट्या होत्या, फाटक बंद. दुसऱ्या दिवशी सातारा स्टेशनवरून पॅसेंजरने मसूर.

मसूरबद्दल आम्ही तिला फार खोदून विचारले, कारण आम्ही स्वतः कधी गेलेलो नाही. तिने फारसे सांगितले नाही. लहान स्टेशन आहे म्हणाली. नळाचे पाणी प्यायले. बाकावर एक बाई बसली होती, तिने विचारले, कुठली, कुणाची, मग विचारले, "कोणत्या लोकांतली?" हिने सांगितले, बौद्ध. बाई गप्प झाली. पुढची गाडी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडी आल्यावर हिची बॅग उचलून दारात दिली. "दोन्हींचा अर्थ मला लागला नाही," ती म्हणाली. आम्हालाही लागलेला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायचा होता, तो. पुण्यात दोन दिवस राहण्यासाठी आम्ही तिला एक पत्ता दिला होता. चळवळीतले घर. नवराबायको दोघे नोकरीला, भिंतीवर बुद्ध, फुले, शाहू, बाबासाहेब. आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आणि तो चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही, माणसे वाईट नाहीत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तिचे कौतुक केले. रात्री भांडी तिने घासली, पाहुणी असली तरी आपल्याकडे मुलगी घासतेच. सकाळी उठली तर बाळाला सांभाळायची बाई येणार नव्हती. घरच्या ताई म्हणाल्या, तुला नाहीतरी तिकडे हेच करायचेय, जरा सराव होईल. दोघे ऑफिसला गेले. ती संध्याकाळी सातपर्यंत दीड वर्षाच्या बाळासोबत एकटी. पुण्यात तिला फुलेवाडा पाहायचा होता. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच होणार असे दिसले तेव्हा तिने बॅग भरली आणि म्हणाली, "ताई, तिकडे मला सहा तासांच्या वर काम नाही, आणि पैसे आहेत. मी काल दहा तास केलं. आज मी फिरायला चालले."

ताईंना राग आला. आम्हाला फोन आला की तुमची मुलगी उर्मट आहे.

आम्ही तो फोन ठेवला आणि खूप वेळ विचार करत बसलो. समतेची भाषा बोलणाऱ्या घरात, आपल्याच माणसांत, ती मुलगी कधी पाहुणीची कामवाली झाली हे कुणाच्या लक्षात आले नाही. आमचाही पत्ता देताना तसा विचार नव्हता, पण खोटे कशाला, मनात कुठेतरी होते की गरिबाघरची मुलगी आहे, घरकामाला मदत करेल, त्यांनाही बरे. जर्मन कुटुंब असे वागले तर आपण लगेच वंशवाद म्हणू. आपल्या घरात त्याला आपलेपणा म्हणतो. त्या एका वाक्याची तालीम तिला पुण्यात करायला मिळाली, जिथून गंगाखेडची गाडी एका रात्रीची आहे. तेच वाक्य पहिल्यांदा श्टुटगार्टच्या थंडीत बोलायची वेळ आली असती तर ती बोलू शकली असती का? आम्हाला खात्री नाही. तिला आहे. त्या दिवशी तिने फुलेवाडा पाहिला आणि रात्री नांदेडकडच्या गाडीने निघून सकाळी गंगाखेडला उतरली. वहीत पै-पैचा हिशेब होता. रिक्षावाल्याने जास्तीचे घेतलेले १५० रुपये तिने 'फी' असे लिहिले होते.

आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या चर्चेत येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी निगेची जागतिक साखळी अशी कल्पना मांडली आहे. श्रीमंत देशातली बाई कामावर जाते, तिचे मूल गरीब देशातून आलेली बाई सांभाळते, आणि त्या बाईच्या मागे राहिलेल्यांना आणखी गरीब कुणीतरी सांभाळते, बहुतेक वेळा फुकट. ही मुलगी जर्मनीला गेल्यावर दसऱ्यानंतर आईबाप कारखान्यावर जातील तेव्हा भावाकडे कोण पाहणार? तिच्या आजीने ते अंगावर घेतले. आजीचे वय सत्तरीपुढे. बाबासाहेब परदेशात शिकत असताना मागे घर कुणी ओढले हे आपल्याला ठाऊक आहे, रमाईच्या जयंतीला आपण रडतोही. वस्तीने ठरवले तर ऊसतोडीच्या सहा महिन्यांत विहारातच मुलांच्या राहण्या-अभ्यासाची सोय होऊ शकते. हे आम्ही बैठकीत मांडले आहे. निर्णय झालेला नाही.

निर्णय झाला तो परतीच्या तिकिटाच्या निधीचा. लंडनच्या त्या आयांची गोष्ट आम्ही विहारात सांगितली तेव्हा बायकाच आधी बोलल्या. परदेशी जाणाऱ्या वस्तीतल्या कोणत्याही मुलीच्या नावाने एका तिकिटाचे पैसे बँकेत बाजूला असले पाहिजेत, म्हणजे तिकडे अडली तर कुणाच्या दयेवर राहायला नको. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च त्याला पुरतो, आणि या वर्षी डीजे लागणार नाही असे मंडळाने लिहून दिले आहे. काही पोरे नाराज आहेत. होऊ देत.

मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. जर्मनीतल्या कायद्याप्रमाणे तिथली एजन्सी ओ पेअरकडून १५० युरोंपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. परभणी, नांदेड, संभाजीनगरमध्ये कुणी दोन-तीन लाख मागत असेल तर ते कशाचे हे विचारा आणि लेखी मागा. करार समजेपर्यंत सही करू नका. कुटुंबाशी पटले नाही तर कुटुंब बदलता येते, त्यासाठी देश सोडावा लागत नाही. बायकांवरच्या हिंसेसाठी तिथला मदतीचा फोन ११६ ०१६, पोलिसांचा ११०. हे नंबर मोबाइलमध्ये नको, पाठ हवेत. आणि जायच्या आधी निदान आठवडाभर एकटीने फिरून या. औरंगाबाद लेणी पाहा, नागपूरला जा, कुठेही जा. भाऊ, मामा, मंडळाचा अध्यक्ष, कुणीही सोबत नको.

ती जाऊन आता पाच महिने झाले. दोन मुले सांभाळते, मोठे चार वर्षांचे. पहिल्या महिन्यात काम ३० तासांवर जाऊ लागले तेव्हा तिने वहीत तास लिहून ती वही जेवणाच्या टेबलावर ठेवली, बोलली काहीच नाही. पुढच्या आठवड्यापासून तास बसले. सुट्टीच्या दीड दिवसात ती एकटी रेल्वेने फिरते. परवा तिने फोटो पाठवला, कुठल्याशा लहान स्टेशनच्या बाकाचा. खाली लिहिले होते, इथे कुणी काही विचारत नाही, कधीकधी वाटतं विचारावं.

सेलू तालुक्यातली दुसरी एक मुलगी पुढच्या महिन्यात निघणार आहे. तिला आधी पंधरा दिवस फिरायचे आहे. वडील म्हणतात, मामाचा मुलगा सोबत जाईल. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. गंगाखेडचे अण्णाही येतो म्हणाले आहेत.